पिवळ्या उशीचा कोपरा

माणसाने आपल्या घराचे फोटो काढून चार लोकांना दाखवावेत की नाही, या विषयावर कुणी माझं मत विचारू नये. मत देण्याची माझी लायकी मध्यंतरी संपली. एवढंच सांगतो, की दुसऱ्याच्या जागेचे तरी काढू नयेत. आणि काढलेच, तर त्या फोटोत काय काय आलंय ते एकदा डोळे उघडून बघावं.

आमचा फोनवर एक ग्रुप आहे. त्याचं नाव ‘दोन ओळी’. आम्ही सगळी उशिरा अक्षरं शिकलेली मंडळी. मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो. त्याआधी चाळीस वर्षं लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात पोचवलं. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून देताना मी सांगितलं, की मी एकदा पाच मजले एकट्याने कपाट उतरवलंय. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव ‘कपाटकाका’ पडलं. वर्ग संपला तेव्हा बाईंनी बजावलं, “हात थांबला की अक्षरं पळून जातात. रोज दोन ओळी लिहायच्या. काहीही लिहा, पण लिहा.” म्हणून आमच्यातल्या नळवाल्याने हा ग्रुप काढला.

सुरुवातीला आम्ही हवापाण्यावर लिहीत होतो. एकाने लिहायचं, आज ऊन आहे. दुसऱ्याने लिहायचं, आमच्याकडेही ऊन आहे. चार दिवसांत ऊन संपलं. मग फुलवाल्या मावशींनी एका रिकाम्या बाटलीला सुतळी गुंडाळून तिची फुलदाणी केली, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘बाटली तेलाची होती. आता फुलांची आहे.’ त्यावर आठ अंगठे पडले. (अंगठा उठवायला लागू नये म्हणून म्हातारपणी शिकलो आणि आता दिवसभर एकमेकांना अंगठेच पाठवतो. असो.) तेव्हापासून सगळ्यांना घर सजवायचं वेड लागलं. नळवाल्याने जुन्या पाइपांचा दिवा केला. वॉचमनने लोकांच्या हरवलेल्या किल्ल्यांचं झुंबर केलं आणि लिहिलं, ‘दार कुणाचं माहीत नाही. वाजतं छान.’ त्यावर बाईंनीसुद्धा अंगठा दिला. बाई सहसा देत नाहीत.

मीही प्रयत्न केला. कपाट जिन्यावरून उतरवताना दोराला एक गाठ मारतात. मुकादमाने मला ती शिकवायला दोन वर्षं घेतली होती. ती गाठ खिडकीच्या गजाला मारली, फोटो काढला, खाली लिहिलं, ‘ही गाठ सुटत नाही. वजन कितीही असो.’ सबंध दिवसात एकही अंगठा नाही. संध्याकाळी वॉचमनचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाला, “काका, घरी सगळं ठीक आहे ना?”

अशा दुखावलेल्या मनाने मी दुखणारी दाढ घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक कोपरा होता. मऊ हिरव्या रंगाची भिंत. वरून लोंबणारा गोल दिवा. लाकडी हातांची खुर्ची, तिच्यावर पिवळी उशी. शेजारी छोटं टेबल आणि त्याच्यावर रुंद पानांचं झाड. चाळीस वर्षांत मी अशा शेकडो खुर्च्या उचलल्या, पण बसलो एकीतही नाही. मुकादमाचा नियमच होता, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं नाही. जिन्यावर बसा, टेम्पोत बसा, खुर्चीत नाही. इथे मात्र मीच गिऱ्हाईक होतो. बसलो. पाठ टेकली. दाढेचं दुखणं अर्धं कमी झालं. मग उठलो, समोर गेलो आणि फोटो काढला.

फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हा आमच्या घरचा कोपरा. मी इथे बसून वाचतो.’

दोन ओळी आणि दोन्ही खोट्या. नंतर मी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, असं सांगितलं की ‘दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतला’ हे फोनवर जाड बोटाने लिहायचं म्हणजे दुपार गेली असती, त्यापेक्षा ‘आमच्या घरचा’ पटकन लिहून होतं. हिने हे कारण मानलं नाही. खरं सांगायचं तर मीही मानत नाही. मला अंगठे हवे होते.

आणि ते मिळाले. दाढ बधिर होऊन मी बाहेर आलो तोवर फोन नुसता थरथरत होता. मावशींनी एकदम तीन अंगठे पाठवले. नळवाल्याने लिहिलं, ‘काका छुपे निघाले.’ वॉचमनने लिहिलं, ‘असा कोपरा असेल तर मीपण वाचीन.’ गाल सुजलेला होता तरी मी हसत हसत घरी गेलो. लोक वळून बघत होते.

मग बाईंचा मजकूर आला. ‘काका, वर्गाची यंदाची भेट तुमच्या घरी करू. त्याच कोपऱ्यात. पुढच्या रविवारी चार वाजता. तुम्ही वाचून दाखवायचं.’

त्याच क्षणी बाईंना फोन करून खरं सांगता आलं असतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण या बाई दुसऱ्या कुणी नव्हत्या. पहिल्या आठवड्यात मी तीन पेन्सिली मोडल्या होत्या, दोर धरावा तशी पेन्सिल धरत होतो म्हणून. बाईंनी माझी बोटं एकेक करून सैल केली आणि म्हणाल्या, “काका, हे कपाट नाही. पडली तर पडू द्या.” माझं नाव मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. अशा बाईला सांगायचं, की तुम्ही शिकवलेल्या अक्षरांनी मी जगाला थाप मारली? माझ्याने झालं नाही. मी लिहिलं, ‘हो बाई. या.’

ही कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग रविवारी सगळ्यांना दातांच्या डॉक्टरांकडेच बोलवा. एकेक दाढही काढून घेतील.”

“थट्टा नको. आठ दिवस आहेत. तसाच कोपरा आपल्याकडे करतो.”

“आपल्याकडे कोपरा आहे कुठे?”

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीला चार कोपरे आहेत, नाही असं नाही. एकात दार उघडतं, दुसऱ्यात कपाट, तिसऱ्यात पाण्याचं पिंप. राहिला खिडकीजवळचा, आणि तिथे हिचं शिलाई मशीन. पायाने चालवायचं, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या स्टँडचं, आमचा संसार सुरू झाला त्याच वर्षी घरात आलेलं. मी अक्षरं गिरवली ती त्या मशीनशेजारी जमिनीवर बसून. खडखडाटात माझं चुकीचं वाचन कुणाला ऐकू जात नसे.

“मशीनला हात लावायचा नाही,” ही म्हणाली. “पडद्यांच्या दुकानाचे बारा पडदे द्यायचेत सोमवारी.”

“आठ दिवसांपुरतं बाहेर ठेवू. पॅसेजमध्ये बसून शिव. उजेड चांगला आहे.”

तिने कुकर खाली उतरवला. मग म्हणाली, “करा. पण उचलायला कुणाला तरी बोलवा. तुमचं आता वय आहे का?”

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. ज्या माणसाने पियानो उचललेत, काचेची कपाटं उचललीत, ज्याच्या हातून चाळीस वर्षांत एक बशी फुटली नाही, त्याने एका शिलाई मशीनसाठी माणूस बोलवायचा? मी कमरेला पट्टा बांधला, गुडघे वाकवले, श्वास घेतला आणि उचललं. उचललं ते अगदी नियमाप्रमाणे. चार पावलं गेलो. उंबऱ्याशी मी स्वतःच गुंडाळून ठेवलेली सतरंजी आडवी होती.

बीड मोडल्याचा आवाज ज्याने ऐकला असेल त्याला सांगायला नको. लाकूड मोडताना आधी कुरकुरतं, काच निदान खळखळते. बीड एकच शब्द बोलतं. पायाखाली दाबायची लोखंडी जाळी, पायडल, मधोमध दुभंगून पडली.

  ही खाली बसली, मोडलेला तुकडा उचलला, हाताने पुसला आणि खिडकीत ठेवला. मग सुईदोरा आणि पहिला पडदा घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि हाताने शिवायला लागली. बारा पडदे. मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, “जोडून आणतो मी.” आतून उत्तर आलं, “आधी कोपरा करा.”

मोडकं मशीन मी सरकवत पॅसेजमध्ये नेलं. एका तासात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी खाली आले. हे वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. ऑफिस सुटलं तरी हातातलं लाल पेन सुटलेलं नाही. मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाले, “सामाईक जागेत यंत्रसामग्री. नोटीस द्यावी लागेल.”

“द्या. आणि भिंतीत दिव्यासाठी एक भोक पाडायचंय. त्याला काय करावं लागेल?”

“अर्ज. तीन प्रतींत.”

मला मनातून आनंद झाला, हे कबूल करतो. आयुष्यात कधी अर्ज लिहिला नव्हता. लिहून घेतले होते. बसलो, तीन प्रती स्वतःच्या हाताने लिहिल्या, तिन्हींत अक्षर सारखं आलं, आणि सही ठोकली. सेक्रेटरींनी वाचून लाल पेनाने एक गोल काढला.

“कारणाच्या जागी तुम्ही ‘कोपरा’ लिहिलंय. कोपरा हे कारण होत नाही.”

“मग काय होतं?”

“गळती होते. भेग होते. वाळवी होते.”

“आमच्याकडे यातलं काहीच नाही हो.”

“मग मी तुमचा अर्ज मंजूर कसा करणार?” त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. “ठेवा इथे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ.”

म्हणजे भोक नाही. मी भिंतीचा नाद सोडला आणि दिवा छताच्या जुन्या कडीला दोराने टांगला. तीच गाठ मारून. या सबंध प्रकरणात जी एक गोष्ट धडपणे झाली ती ही गाठ, आणि तिच्याकडे शेवटपर्यंत कुणाचंही लक्ष गेलं नाही.

आता रंग. रंगवाल्याला फोनमधला फोटो दाखवला. माझ्या फोनच्या काचेला तडा आहे आणि बॅटरी टिकावी म्हणून मी उजेड कमी करून ठेवतो. रंगवाल्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, दुकानाबाहेर उन्हात नेला आणि ठामपणे म्हणाला, “गडद हिरवा. चकाकी नसलेला. यात शंकाच नाही.” दुकानातल्या यंत्रात घुसळून डबा दिला. भिंतीला लावला तेव्हा ओला असताना बरा वाटला. वाळत गेला तसतसा काळवंडत गेला.

शेजारच्या वहिनी डोकावल्या. त्या टीव्हीवर घर सजवायचे सगळे कार्यक्रम बघतात, त्यामुळे त्यांना दुसऱ्याच्या घराचं सगळं कळतं. “दुसरा हात मारा भाऊजी,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या हाताला उजळतो.”

दुसरा हात मारला. भिंत आणखी दोन छटा काळी झाली. वहिनी पुन्हा आल्या, लांब उभ्या राहून डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “हल्ली असंच चालतं.” मग जरा थांबून, “पण हे कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय.”

मलाही तेच वाटत होतं. शनिवारी दुपारी लक्षात आलं. मी घरात फळा तयार केला होता. छतापासून जमिनीपर्यंत, आमच्या वर्गात होता त्याच्या चौपट.

खुर्ची वहिनींनीच दिली, त्यांच्या सासऱ्यांची. एरवी चांगली, फक्त बसणाऱ्याने मागे रेललं की तीही रेलायची आणि मग थांबायची नाही. म्हणून मागच्या पायांखाली लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या. झाड उसनं आणलं. त्यांच्या गॅलरीत रुंद पानाचं एकच होतं आणि त्याचीही पानं कडेने पिवळी पडली होती. राहिली पिवळी उशी. अभ्रा शिवायला मशीन नाही. हिला सांगायची छाती नाही. ती सातव्या पडद्यावर होती आणि तिच्या बोटाला चिकटपट्टी होती. मी एक पिवळा टॉवेल उशीला गुंडाळला आणि मागून सेफ्टी पिना लावल्या. फोटोत दिव्याच्या वर भिंतीवर एक छोटी चौकट दिसत होती. म्हटलं, तीही हवी. तिथे माझ्या वर्गाचं प्रमाणपत्र काचेत घालून चिकटवलं. भोक न पाडता.

रविवारी चारला पाच मिनिटं असताना सगळे आले. पॅसेजमधलं मशीन ओलांडून, एकेक करून. मावशींनी फुलं आणली होती. आत येऊन सगळे भिंतीसमोर उभे राहिले आणि ती वरपासून खालपर्यंत बघत राहिले.

“फोटोत जरा फिकट होती ना?” शेवटी मावशी म्हणाल्या.

“उजेडाचा फरक,” मी म्हणालो.

“भारी वाटतंय,” वॉचमन म्हणाला. “एकदम वर्गात आल्यासारखं.”

नळवाला आधीच खुर्चीकडे निघाला होता. “पहिला मी बसणार,” म्हणाला आणि पिवळ्या उशीवर सगळं वजन टाकून बसला. तितक्याच वेगाने उठला. त्याच्या पँटला मागे माझी उशी लटकत होती. पिन काढेपर्यंत वॉचमन त्याला धरून उभा होता आणि नळवाला दात आवळून म्हणत होता, “काका, तुम्ही यात बसून वाचता? सलाम आहे तुम्हाला.”

मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो. हिने कप भरून तयार ठेवले होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सांगून टाका.”

“चहा झाला की सांगतो.”

चहा झाला. बिस्किटं झाली. बाई सगळा वेळ खोली बघत होत्या. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “काका, ती पाटी काढून टाकलीत का?”

“कुठली पाटी बाई?”

“दिव्याच्या वरची. फोटोत आहे ती.”

“ही काय, हे प्रमाणपत्र आहे बाई, तुम्हीच दिलेलं.”

बाईंनी पिशवीतून आपला फोन काढला, माझा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्या हातात दिला. “वाचा.”

वर्गात त्या अशाच म्हणायच्या. रागाने नाही, लोभानेही नाही. नुसतं, वाचा. आणि मी वर्गात वाचायचो तसाच उभा राहून, बोट ठेवून, मोठ्याने वाचायला लागलो.

“रु… रुग्णांनी… कवळ्या… काढून… टेबलावर… ठेवू नयेत.”

आता हे कसं झालं, ते सांगायला पाहिजे. एकसष्ट वर्षं ज्याला वाचता येत नाही, तो पाट्यांकडे बघत नाही. बघून करायचं काय? नजर आपोआप बाजूने जाते. पाटी म्हणजे भिंतीचाच एक तुकडा. अक्षरं आली, पण ही सवय गेली नाही. मी फोटोत उशी बघितली, दिवा बघितला, झाडाची पानं मोजली. पाटी बघितली ती फक्त चौकट म्हणून. आणि ग्रुपवरचे सगळे माझ्यासारखेच, त्यामुळे एकालाही ती दिसली नाही. दिसली ती एकट्या बाईंना. त्यांची नजर आधी अक्षरांवरच जाते.

 आधी नळवाला हसला. त्याला हसायचा अधिकार होता. त्याच्यापाठोपाठ वॉचमन, मग मावशी. मावशींनी तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. मीही हसायचा प्रयत्न केला. जमला नाही. कान तापून लाल झाले होते. चाळीस वर्षांत ओझ्याखाली कधी मान खाली गेली नाही, ती त्या फोनवर गेली.

“पहिल्याच दिवशी वाचलं होतं मी,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, आठ दिवस देऊ. काकांचा फोन येईल. रोज वाट बघितली.”

“चुकलो बाई.”

“ते राहू दे. मला तुमचा कोपरा बघायचा होता. तुमचा.” त्यांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. “प्रत्येकाचा पहिला धडा मी जपून ठेवते. हा तुमचा. हेच वाचायला सांगणार होते आज.”

तो कागद मी बघितला. जाड पेन्सिलीच्या वाकड्या ओळी, दाबून दाबून कागद मागून उठलेला. वाचलं.

“माझ्या घरात खिडकी आहे. खिडकीपाशी मशीन आहे. ती शिवते. मी बाजूला बसतो. मला तिथे चांगलं वाटतं.”

आता कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदमच दाराबाहेर बघितलं, जे मशीन ओलांडून ते आत आले होते त्याच्याकडे. मग खिडकीतल्या मोडक्या लोखंडाकडे. मावशी हळूच म्हणाल्या, “हे कधी मोडलं?” आणि कुणी उत्तर द्यायच्या आधी ही स्वयंपाकघराच्या दारात आली. खांद्यावर नववा पडदा होता आणि तीन बोटांना चिकटपट्ट्या.

बाईंच्या वर्गात एक रीत होती. खोडरबर कुणाकडेच नसायचा. चुकलं तर उठून फळ्यावर जायचं, आपली चूक सगळ्यांसमोर लिहायची, तिच्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे चूक दिसत राहते, आणि खाली बरोबर लिहायचं. टाळ्या वाजायच्या त्या बरोबर लिहिलेल्याला. पहिल्यांदाच बरोबर आलेल्याला टाळ्या नसत.

बाईंनी नुसतं भिंतीकडे बघितलं. मी म्हणालो, “खडू नाही.” ही आत गेली आणि कापडावर खुणा करायचा आपला चपटा पांढरा खडू आणून माझ्या हातात ठेवला. आठ दिवसांत तिने मला हातात दिलेली ती पहिली वस्तू.

मी भिंतीवर लिहिलं, ‘हा आमच्या घरचा कोपरा. मी इथे बसून वाचतो.’ दोन्ही ओळींवर रेघ मारली. खाली लिहायला लागलो. ‘फोटोतला कोपरा दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतला आहे.’ जे लिहायला फोनवर मी कंटाळलो होतो, ते सगळ्यांसमोर उभं राहून अख्खं लिहिलं. हात दुखला. मग थांबलो. वाटलं, एवढ्यावर सुटेन. मागे वळून बघितलं तर ही अजून दारातच उभी होती. पुन्हा भिंतीकडे वळलो आणि लिहिलं, ‘हा माझ्या बायकोचा कोपरा होता. तो मी मोडला.’

टाळ्या वाजल्या. वर्गात वाजायच्या तशाच. टाळ्याही मनाला लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं सगळं झटपट झालं आणि त्यात मला कुणी विचारलं नाही. नळवाला आणि वॉचमनने मशीन उचलून आत आणलं. मी पुढे झालो तर ही म्हणाली, “तुम्ही लांब.” मी दारात उभा राहून “डावीकडे, डावीकडे” म्हणत होतो, तर नळवाला म्हणाला, “काका, तुम्ही बसा.” मी इकडेतिकडे बघितलं. बसायला एकच खुर्ची होती आणि तिच्यात पिना होत्या. मावशींनी आणि बाईंनी उरलेले तीन पडदे वाटून घेतले आणि तिथेच टाके घालायला बसल्या. मला काम मिळालं ते सुईत दोरा ओवायचं. पाठीवरून कपाट नेणाऱ्या माणसाला चार सुया ओवायला चाळीस मिनिटं लागली. पडदे सोमवारी गेले. पायडल नळवाल्याने चौथ्या दिवशी भंगारवाल्याकडून शोधून आणून बसवलं.

पुढच्या महिन्यात सेक्रेटरी स्वतः मंजुरीचा कागद घेऊन आले. माझ्या अर्जात कारणाच्या जागी त्यांनी लाल पेनाने स्वतःच ‘भेग’ लिहिलं होतं. म्हणाले, “कुठेतरी असेलच.” मी म्हणालो, “आहे.” मग भिंत बघून म्हणाले, “हे लेखन पुसायचं असेल तर वेगळा अर्ज लागेल.”

तो अर्ज मी केलेला नाही. ही करू देणार नाही. तिला ती भिंत सोयीची झाली आहे. गिऱ्हाइकांची मापं तिथेच खडूने लिहिते, कंबर, बाही, पडद्याची उंची, आणि काम झालं की पुसते. माझ्या ओळींच्या कडेकडेने पुसते. फडकं त्यांच्यापाशी आलं की वळतं. मी तिथे जमिनीवर बसून वाचतो, तेव्हा मान वर केली की त्या समोर असतात.

परवा दुसऱ्या दाढेसाठी डॉक्टरांकडे गेलो. कोपरा तसाच होता. गोल दिवा, झाड, पिवळी उशी. यावेळी पाटी मी आधी वाचली, सगळ्या पाट्या वाचल्या, चपला कुठे काढायच्या तेही वाचलं. मग भिंतीला पाठ न लावता उभा राहिलो. नंबर सातवा होता.

टेबलामागच्या मुलीने दोनदा बघितलं. “आजोबा, खुर्ची रिकामी आहे. बसा ना.”

“नको,” मी म्हणालो. “मी एकदा बसलोय तिच्यात.”